बांगड्यांचं गवत

आपण कुठले आहोत हे माणसाला शेवटी झाडच सांगतं. हे वाक्य सुचेता हुक्केरीनं लिहिलं तेव्हा ते तिला इतकं पटलं होतं की तिनं ते दोनदा मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि जिच्या लॉबीसाठी ती काचेचं झाड करत होती त्या देवनहळ्ळीच्या नव्या सोसायटीनं ते तिच्या फोटोखाली, गुळगुळीत कागदावर, तीन भाषांत छापून घरोघरी वाटलं. झाड मध्य अमेरिकेतलं होतं. हे तिला माहीत होतं. फेब्रुवारीत ज्या गुलाबी फुलांच्या झाडाखाली उभं राहून निम्मं बेंगळुरू आपापले फोटो काढून घेतं, ते टॅबेबुया कधीतरी कुणाच्यातरी हौसेनं बोटीतून इथे आलं आणि राहिलं. तिला वाटलं होतं की हे इतरांना माहीत नसेल, आणि असलंच तर कुणी तो विषय काढणार नाही. वीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या बाईनं लोकांच्या अज्ञानावर एवढा भरवसा ठेवायला खरं तर हरकत नव्हती.

सोमवारी सकाळी सव्वाअकराला सोसायटीच्या सेक्रेटरीचा, अजिंक्यचा, फोन आला. हा मुलगा पुण्याहून आलेला, कंपनीत काहीतरी मोठं सांभाळणारा, आणि वाईट बातमी देताना आवाजाला साय आणणारा.

“मॅम, एक छोटासा इश्यू झालाय.”

“कसला?”

“म्हणजे इश्यू नाही, कन्सर्न. सी विंगमधल्या पवित्रा मॅमनी ग्रुपवर टाकलंय की हे झाड नेटिव्हच नाही. आता आपली थीम बिलाँगिंग आहे ना, तर ते जरा ऑड दिसतं.”

“बाकीचे काय म्हणतात?”

“बाकीच्यांनी अंगठे दिलेत. पण मॅम, कुणाच्या बाजूनं दिलेत ते क्लिअर नाही.”

“तुम्ही कुठले हो, अजिंक्य?”

“मूळचे आम्ही साताऱ्याकडचे. मी तसा बाणेरचा. आता इथलाच म्हणा, चार वर्षं झाली.”

“मग तुम्हाला कुणी नेटिव्ह आहात का विचारलं?”

“मॅम, मला लॉबीत लावणार नाहीयेत.”

उत्तर चांगलं होतं. सुचेतानं मनातल्या मनात त्याला दोन मार्क दिले. पुढचं त्यानं एका दमात सांगून टाकलं: पवित्रा मॅम उद्या दुपारी येऊन काम बघणार, त्यांचं समाधान झालं तर ठरल्याप्रमाणे रविवारी उद्घाटन, नाही झालं तर कमिटीतल्या काहींचं म्हणणं असं की त्या भिंतीवर पाणी सोडावं, वरून खाली, आजकाल हॉटेलांत असतं तसं. त्याला कुणाचा आक्षेप येत नाही. पाणी कुठलं ते कुणी विचारत नाही.

फोन ठेवून ती गॅरेजमध्ये गेली. राजाजीनगरातल्या त्या घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नव्हती. आधी सासऱ्यांची सायकल होती, आणि आता सहा वर्षं काचेची भट्टी. भट्टी म्हटल्यावर लोकांना ज्वाळा दिसतात. ही विजेवर चालणारी, पेटीसारखी, झाकण लावलेली, बाजूला तापमानाचा लाल आकडा दाखवणारी वस्तू होती आणि दिसायला जुन्या डीप फ्रीजरसारखी होती. झाडाची तीन तावदानं करायची होती. वरची दोन, म्हणजे फुलांनी भरलेला शेंडा आणि मधल्या फांद्या, तयार होऊन भिंतीला टेकून उभी होती. तिसरं, म्हणजे खोड, जमीन आणि गवत, आत होतं. आकडा चारशे बहात्तर होता. उद्या दुपारपर्यंत तो चाळीसवर यायचा होता, आणि तोवर झाकण उघडायचं नव्हतं. काचेला वितळायला दीड तास पुरतो. थंड व्हायला सवड लागते. घाईनं थंड केली तर ती तोंडावर काही दाखवत नाही, मनात धरून ठेवते, आणि कधीतरी भलत्याच दिवशी, कुणी हातही लावलेला नसताना, दोन तुकडे होऊन मोकळी होते. हे सुचेता वर्कशॉपला येणाऱ्या बायकांना सांगायची तेव्हा त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. ती काचेबद्दल बोलतेय असं त्यांना वाटत नसे.

आत्ता तिला टोचत होतं ते टॅबेबुया नव्हे. झाडाची वकिली ती करू शकत होती. टोचत होतं ते गवत. भट्टीतून टिक् असा बारीक आवाज आला. आतल्या विटा थंड होताना असा आवाज येतो. काच तडकतानाही असाच येतो. स्टुलावर बसून ती पुढच्या आवाजाची वाट बघत राहिली. तो आला नाही, आणि न येण्याचे अर्थही दोनच होते.

गवतासाठी तिनं बांगड्यांच्या काचा वापरल्या होत्या. जे तिनं शेकडो विद्यार्थ्यांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं असतं ते स्वतः मात्र तिनं गुंडाळून ठेवलं होतं: प्रत्येक काच तापल्यावर आपापल्या मापानं पसरते आणि निवताना आपापल्या मापानं आकसते. मापं जुळलेल्या काचा एकत्र वितळवायच्या असतात. तिच्या तावदानाची काच एका मापाची, खास मागवलेली. बांगडीची काच कुठल्या मापाची हे बांगडी करणाऱ्यालाही ठाऊक नसावं. तिनं आधी तीन छोटे नमुने करून पाहिले होते. एक तडकला, दोन राहिले. तीनापैकी दोन म्हणजे फर्स्ट क्लास, असा हिशेब तिनं केला, आणि असा हिशेब करणाऱ्या विद्यार्थ्याचं जर्नल तिनं पूर्वी वर्गात सगळ्यांना दाखवलं होतं. पण तो हिरवा रंग तिला दुसऱ्या कुठल्याच काचेत सापडेना. विकत मिळणारा हिरवा फार शहाणा दिसायचा. हा तसा नव्हता. याच्या आत थोडा काळोख होता, चतकोर पिवळा होता, आणि निपाणीतली एक दुपार होती.

त्या दुपारी ती नऊ वर्षांची असावी. शेजारच्या दोघी बहिणी, ती, आणि मध्ये पेटवलेली चिमणी. गल्लीतून, उकिरड्यावरून, कासाराच्या ओट्याखालून वेचून आणलेले फुटक्या बांगड्यांचे तुकडे चिमट्यात धरून ज्योतीवर न्यायचे; मऊ झाले की वाकवून दोन टोकं जवळ आणायची, त्यात दुसरा तुकडा अडकवायचा, त्यात तिसरा. अशी साखळी करत करत दारावर लावायचं तोरण व्हायचं. बोटं भाजायची, केसांना रॉकेलचा वास यायचा, आणि संध्याकाळी आई विचारायची की शाळेचा अभ्यास कुठल्या तोरणाला लावलाय. सगळ्या आळीच्या बांगड्या त्या तोरणात असायच्या: वाण्याच्या सुनेच्या, कन्नड मास्तरांच्या बायकोच्या, ज्यांच्याकडे आई पाणी पीत नसे त्यांच्यासुद्धा. वारा आला की सगळ्या किणकिणायच्या. आता, चाळीसहून जास्त वर्षांनी, स्टुलावर बसल्या बसल्या तिच्या लक्षात आलं की त्या तोरणातली कुठलीच काच कधी तडकली नाही, आणि कारण अगदी साधं होतं. तिथे कुणी कुणाला चिकटत नव्हतं. नुसतं अडकलेलं होतं. विरघळून एकजीव व्हायचा हट्ट ही तिची नंतरची, शिकल्यासवरल्यानंतरची कल्पना.

एकजीव होण्याच्या बाबतीत तिचा स्वतःचा अनुभवही काही फार उत्साहवर्धक नव्हता. हुक्केरी हे आडनाव ऐकून पुण्यातल्या मावशीचे शेजारी तिला “कानडी असून मराठी किती छान बोलता” म्हणायचे. तिचं मराठी ऐकून कॉलेजातले सहकारी “मराठी असून कन्नड किती चांगलं” म्हणायचे. दोन्हीकडून कौतुक होत असलेल्या माणसाला आपण दोन्हीकडचे पाहुणे आहोत हे समजायला वेळ लागतो. तिला एकोणतीस वर्षं लागली. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं तिला काही दिसत नव्हतं. पाहुण्याला निदान ताट वेगळं वाढतात. पण या शहरात आपल्या हातची एक वस्तू असावी, भिंतीत पक्की बसवलेली, कुणी “किती छान” न म्हणता नुसतं जिच्यासमोरून ये-जा करील अशी, एवढं तिला हवं होतं. बाकी सगळं, प्रदर्शनं, बक्षिसं, वर्तमानपत्रातला रकाना, तिनं करून पाहिलं होतं आणि ते सगळं पुन्हा घरी परत यायचं, बबल रॅपमध्ये.

“अक्का, चहा,” म्हणत यल्लव्वा गॅरेजच्या दारात आली. ही अथणीकडची, चौदा वर्षं घरात कामाला. भट्टीकडे ती दुसऱ्याच्या देवाकडे बघावं तसं बघायची: मान द्यायचा, जवळ जायचं नाही. बांगड्या तिच्याच. भांडी घासताना आठवड्याला एखादी जायचीच, आणि ती कधी “फुटली” म्हणत नसे. “वाढली अक्का, घ्या तुमच्या डब्यात,” म्हणून तुकडे ओट्यावर ठेवायची. हॉर्लिक्सची बाटली भरायला चार वर्षं लागली होती.

“काय झालंय? तोंड का असं?”

“गवत राहतंय की नाही बघतेय.”

“राहतंय,” यल्लव्वा म्हणाली. “माझ्या हातात नाही राहिलं म्हणून काचेत पण राहू नये काय? आणि नाही राहिलं तर आणखी देते. स्वल्प जोरात घासलं की झालं.”

घरात नरसिंहराव, तिचे यजमान, विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून संपूर्ण वर्तमानपत्र वाचणारे गृहस्थ, अर्थविषयक पानावर पोचले होते. त्यांना तिनं सगळं सांगितलं: झाड, पवित्रा, पाण्याची भिंत.

“बदल की झाड,” ते धारवाडी सुरात म्हणाले. “वडाचं कर. वडाला कोण नाही म्हणतंय?”

“अहो, दोन तावदानं झालीत. गुलाबी फुलांचा वड करू?”

“मग त्या बाईला विचार, त्या कुठल्या. आजोबा, पणजोबा असं मागं मागं ने. कुठं तरी बोट सापडतीच.”

हा विमा कंपनीचा मार्ग होता. दावा आला की आधीच्या आजाराचा कागद मागायचा. पण संध्याकाळी ती स्वतःही तेच करत होती. मंगळवारच्या वादासाठी तिनं वहीत मुद्दे काढले: टॅबेबुया बाहेरचं, गुलमोहर बाहेरचा, जॅकरांडा बाहेरचा, पर्जन्यवृक्ष बाहेरचा, मिरची, टोमॅटो, बटाटा, पेरू बाहेरचे. म्हणजे पवित्राबाईंचं सांबार नेटिव्ह करायचं तर आधी त्यातलं जवळजवळ सगळं उचलून ठेवायला लागेल. यादी करताना तिला मजा येत होती. रात्री झोपण्यापूर्वी तिनं पवित्राला कोपऱ्यात घेण्याचं शेवटचं वाक्यही, खास देवनहळ्ळीच्याच प्रसिद्ध फळाबद्दलचं, ठरवून टाकलं, आणि वर्गावर जायच्या आधी यायची तशी शांत झोप तिला लागली.

पवित्रा दुपारी तीन वाजता आली. अजिंक्य तिच्या मागे, दोन्ही पक्षांचं पाणी धरून उभा असल्यासारखा. सुचेतानं ग्रुपवरच्या त्या संदेशावरून एक जाडसर, रागीट बाई तयार करून ठेवली होती. आली ती पस्तिशीची, सडपातळ, चपला बाहेर काढून गॅरेजमध्ये येणारी. बोलणं कन्नडमधूनच झालं. वरची दोन तावदानं तिनं बराच वेळ पाहिली. मग म्हणाली, “सुंदर आहेत. माझं म्हणणं ते नाहीच.”

“मग काय आहे?”

“आधी हे उघडा. मग सांगते.”

आकडा एकोणचाळीस होता. सुचेतानं झाकण उचललं. आत राखाडी कागदावर तावदान सबंध होतं. खोड, मुळं, आणि खाली बांगड्यांचं गवत, वितळून कडा गोल झालेलं, उभं राहिलेलं, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं. तिनं बोटांच्या टोकांनी काठ चाचपला. भेग नव्हती. अजिंक्यनं फोटो काढला. एवढ्यावर थांबायला काहीच हरकत नव्हती, पण वीस वर्षांची सवय असते. तिनं कपाटातून कॉलेजच्या प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी बरोबर आणलेल्या दोन काळसर फिल्म काढल्या, तावदान दिव्यासमोर उभं धरलं, एक फिल्म मागे ठेवायला लावली आणि दुसरी डोळ्यांसमोर धरली. अशा दोन फिल्मांच्या मधून पाहिलं की काचेतली ओढाताण उजेडासारखी दिसते. सगळं तावदान काळं झालं. आणि गवताच्या प्रत्येक पात्याभोवती एक पांढरी, बारीक, थरथरल्यासारखी किनार पेटली.

“किती छान,” अजिंक्य म्हणाला. “हे असंच दाखवता येईल का लॉबीत?”

“हे दुखणं आहे,” सुचेता म्हणाली. “काचा जुळत नाहीत. आतून ओढतायत.”

पवित्रानं फिल्म हातात घेऊन पाहिलं. “तुटणार?”

“तुटेल. किंवा शंभर वर्षं राहील. सांगता येत नाही.”

“आमच्या सासूबाई अशाच राहतायत,” पवित्रा म्हणाली, आणि अजिंक्यला हसावं की नाही ते कळेना. मग फिल्म परत देता देता, आवाज न बदलता, तिनं सांगितलं की ए आणि बी विंग आहेत ती जमीन तिच्या आजोबांची. तिथे सात चकोत्याची झाडं होती. देवनहळ्ळीचा चकोता म्हणजे पपनस, पण नुसतं पपनस म्हटलं की आजोबांना राग यायचा. आतून तांबडा, डोक्याएवढा. ले-आउट पडला तेव्हा जमिनीच्या बदल्यात घरच्यांना फ्लॅट मिळाले, आणि झाडं एका सकाळी यंत्रानं काढली. “मला तुमचं झाड काढायचं नाही. एक झाड काढलेलं मी बघितलंय. पण पत्रकात लिहिलंय की कुठलं आहे ते झाड सांगतं. मग तिथे जी होती त्यांनी काय सांगितलं ते कुणीतरी लिहायला हवं होतं.”

सुचेताच्या वहीत उत्तर होतं. चकोताही इथला नव्हे. तोही समुद्रापलीकडून, मलायाकडून कधीतरी आलेला. आदल्या रात्री ठरवलेलं शेवटचं वाक्य तेच होतं, आणि ते खरं होतं, आणि ते बोललं असतं तर वाद तिथेच संपला असता. जिभेवर आलेलं ते वाक्य तिला कडू नव्हे, उलट गोडसर लागत होतं; बरोबर असण्याची चव तशीच असते. पण तिला दिसत होतं की समोरच्या बाईला झाड कुठून आलं ते सिद्ध करायचं नाहीये. ती फक्त ते कुठे उभं होतं ते सांगते आहे, बोटानं, हवेत: इकडे चार, इकडे तीन, विहिरीकडे एक वाकलेलं. इकडची आणि तिकडची मिळून सात नव्हे, आठ होत होती. सुचेतानं तेही काढलं नाही.

“त्याचं पान कसं असतं?” तिनं विचारलं.

पवित्रानं वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलं. मोठं पान, आणि देठाला त्याचंच एक छोटं पान, जणू एका पानावर दुसरं उभं केलंय. सुचेतानं ते नीट पाहिलं. मग म्हणाली, “एक पान गवतात पडलेलं करते. पण मग हे पुन्हा भट्टीत घालावं लागेल. आहे ते ओढणं दुप्पट होऊ शकतं. शुक्रवारी उघडल्यावर काही उरलं नाही, तर तुम्ही पाण्याची भिंत करा.”

“मॅम,” अजिंक्य म्हणाला, “मला वाटतं आहे तेच फायनल करू या. पवित्रा मॅम ओके आहेत. आहात ना?”

“मी ओके आहे,” पवित्रा म्हणाली. “पान नको. धोका कशाला?”

पण सुचेतानं काच कापायला घेतली होती. हे औदार्य नव्हतं, आणि पश्चात्ताप तर नव्हताच. तिला स्वतःच्या हाताची खात्री होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला ती इथली आहे की नाही हे न विचारता इथे आधी काय होतं ते सांगितलं होतं. ते सांगितलेलं कुठेतरी ठेवायला हवं होतं, आणि तिच्याकडे ठेवायला काचच होती. गडद हिरव्या काचेतून तिनं मोठं पान कापलं, मग छोटं, दोन्ही देठाशी जुळवली. नरसिंहराव दारात येऊन उभे राहिले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, “सरी, बरं. म्हणजे तयार झालेलं काम पुन्हा जाळणार.” तिनं मान हलवली. यल्लव्वानं विचारलं, “बाटली आणू?” सुचेता त्यालाही हो म्हणून गेली. पानाखाली आणखी चार पाती बसली.

बुधवार आणि गुरुवार तिनं भट्टीजवळ न बसता काढले. भाजी आणली, बँकेत गेली, एका वर्कशॉपच्या बायकांना काच कापायला शिकवलं. टिक् ऐकायला जायचं नाही एवढा एकच नियम तिनं केला. अजिंक्यचे तीन फोन आले. तिसऱ्यात त्यानं पाण्याच्या भिंतीवाल्याचं कोटेशन नुसतं मागवून ठेवल्याचं सांगितलं. “बरं केलंत,” ती म्हणाली, आणि तिला ते खरंच बरं वाटलं. मागे दुसरा उमेदवार उभा असला की आपली जागा कुठे आहे ते ठळक दिसतं. शुक्रवारी सकाळी तिनं एकटीनं झाकण उचललं. पान गवतात पडलं होतं, एका पानावर दुसरं. तिनं फिल्म लावून पाहिलं. किनारी होत्या, आधीपेक्षा थोड्या रुंद. पानाभोवती किनार नव्हती, ते ज्या काचेत होतं त्याच मापाचं होतं. काहीच तुटलं नव्हतं. तिनं यल्लव्वाला हाक मारून दाखवलं. यल्लव्वानं वाकून आपलं गवत ओळखलं, बोटानं न शिवता दाखवलं, “ही संक्रांतीची. ही जत्रेतली,” आणि भांड्यांकडे परत गेली.

रविवारी अकरा वाजता तिन्ही तावदानं लॉबीच्या भिंतीत बसली, मागून दिवे लागले, आणि झाड एकदम जमिनीवर उभं राहिलं. कमिटीच्या अध्यक्षांनी बिलाँगिंगवर भाषण केलं. पवित्रानं सासूबाईंना व्हीलचेअरवर आणलं होतं. त्यांनी पान पाहून विचारलं की फळ का नाही केलं. सुचेता भिंतीपासून दूर, दाराजवळ उभी राहिली, आणि तिच्यासमोरून माणसं झाडाकडे न बघता खाण्याच्या टेबलाकडे गेली तेव्हा तिला फार समाधान वाटलं. हवं होतं ते हेच.

जूनमध्ये ती फिल्म पिशवीत घालून देवनहळ्ळीला पुन्हा गेली, भेग तपासायला. भेग नव्हती. पण किनारी बघता येईनात, कारण तावदानामागे उजेड नव्हता. स्विच सापडेना म्हणून तिनं वॉचमनला, भीमसेनला, विचारलं. तो कलबुर्गीकडचा, पन्नाशीचा, सावकाश बोलणारा. त्यानं सांगितलं की या दारानं कुणी येत नाही. गाड्या तळघरात लागतात आणि लिफ्ट तिथूनच सगळ्यांना वर नेते. म्हणून मागचे दिवे एप्रिलमध्ये काढून जिममध्ये लावले.